कळ

आमच्या डिचोलीत, भावाच्या कारखान्यात
घाव पडतो त्याच क्षणी पितळ बोलतं.
मधे काही नसतं.
बाराव्या वर्षी डोळे गेले,
तेव्हापासून माझं घड्याळ हेच.

कॉम्प्युटरचं तसं नव्हतं.
मी 'स' दाबायची.
मग वाट.
मग पंखा घुरघुरायचा, दम्याच्या माणसाने जिना चढावा तसा.
तोवर मी 'समई' लिहून, नग, वजन, दर टाकून
पुढच्या ओळीत गेलेली असायची,
तेव्हा तो म्हणायचा : स.

उशिरा येणाऱ्या आवाजाचं बोट धरून चालणं म्हणजे
पायरी होती हे पडल्यावर कळणं.
एकदा एकशेवीस निरांजनांतलं शून्य ऐकू आलं नाही
म्हणून पुन्हा दाबलं.
बाराशेंचं बिल फर्मागुडीला गेलं.
रघुवीर काही बोलला नाही. हातोडी मात्र
दिवसभर जरा जोरात चालली.

शनिवारी साखळीच्या बसमधून जॉयस्टन उतरला.
बसला, चार कळा दाबल्या आणि हसला.
"शालनबाय, हे मशीन नटण्यातच दमलंय."
प्रत्येक खिडकीला म्हणे सावली.
उघडताना झुलायचं, मिटताना विरघळायचं,
कडा काचेच्या, मागचंही दिसावं म्हणून.
कुणाला? मी विचारलं.
तो गप्प. मग एकेक विझवत गेला.
सहा वर्षं हा बिचारा माझ्यापुढे
सावल्या काढत बसला होता,
आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

मग पहाटेच उठून बसणारे पाहुणे बाहेर काढले :
हवामान सांगणारा,
नव्या आवृत्तीची आठवण करणारा,
एक बुद्धिबळ, कुणी टाकलं देव जाणे.
अँटिव्हायरस तर दोन निघाले,
रखवालदार, एकमेकांचीच झडती घेत.
एकाला घरी पाठवलं.
रॅमची नवी पट्टी घालण्याआधी मी हातात घेतली :
दात झिजलेल्या फणीएवढी. एवढ्याशा जागेत
काय काय लक्षात ठेवतात!

आवाजावरून मात्र भांडण झालं.
त्याने आणलेला गोड होता, बाईचा,
वाक्य संपलं की श्वाससुद्धा घ्यायचा.
श्वासाला वेळ लागतो रे बाबा.
मला माझा जुना पत्र्याचाच दे,
डिचोलीला दिचोली म्हणतो,
पण म्हणतो लगेच.
वेग मी वाढवला, शंभराच्या दोन पावलं अलीकडे.
"कितें उलयता हो?" जॉयस्टन ओरडला,
"मोहरी तडतडल्यासारखं!"
तुझे कान अजून रांगतात, मी म्हटलं,
चहा घे.

निघताना थबकला.
"मागे एक फोटो आहे. काढू? थोडं हलकं होईल."
कसला?
"तुमचा. कारखान्याच्या दारात. हातात लामणदिवा.
कुणी हाक मारल्यासारखं वळून बघताय..."
बघताय म्हणाला, आणि कप
बशीवर जरा वाजला.

सिद्धीचं काम. पुण्याला जाण्याआधी लावला असणार.
कधी बोलली नाही पोरगी.
म्हणजे इतके दिवस, बिलांच्या मागे,
मीच माझ्याकडे तोंड करून उभी.
हाक कुणी मारली होती
ते काही आठवेना.

फार जड आहे का तो?
"नाही तसा."
मग असू दे.

आज सकाळी पोदेराचा भोंगा वळणाआड गेला,
मी 'स' दाबला.
स.
त्याच वेळी पलीकडे रघुवीरचा घाव पडला,
आणि क्षणभर कळेना
कुठला नाद कुणाच्या बोटांचा.

एकशेवीस समया, फर्मागुडी.
शून्य एकदाच दाबलं.